करपा माणसाला होत नाही

तेरा जानेवारी, भोगी. वेळ दुपारी पाऊण. वर्गणी घरटी पन्नास रुपये, घरं चोवीस, त्यातल्या दोघांची अजून यायची होती. हजर: आपल्या वारज्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाठक, पाठकबाई, तिसऱ्या मजल्यावरची कॉम्प्युटरवाली मंडळी सहकुटुंब, भाकऱ्यांच्या तव्यापाशी वहिनी आणि ताटं मोजायला मी. पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या. आणि दादा, तू साताऱ्याच्या एसटीतून उतरलास, खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता इमारतीच्या मागे गेलास, दोन मिनिटांत परत आलास आणि भोगीच्या भाजीचं पातेलं फडक्यानं धरून, उचलवेना म्हणून ओढत, गटारापर्यंत नेऊन कलंडवलंस. तीळ आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली, तेलाचा तवंग आलेली गरम भाजी. मग पाठक म्हणाले, "अहो काळे, डोकं ठिकाणावर आहे का?"

तू रांगेकडे वळून म्हणालास, "माझं आहे. झुरळांना घालायचं ते हे तुम्हाला वाढतायत आणि तुम्ही ताटं घेऊन रांग लावलीय."

हे वाक्य आधी आणि पातेलं नंतर, एवढाच क्रम बदलायला हवा होता. तीन वर्षं मी तुला हे सांगत आलो. तू ऐकलं नाहीस, आणि आता ऐकायला नाहीस.

तुला जाऊन पंधरवडा झाला. एवढ्या लवकर मला तुझ्याशी भांडायचं नव्हतं, पण नाइलाज आहे. त्या दिवशीच्या पातेल्याचं उट्टं लोकांनी आता काढलंय. तुझ्या हयातीत त्यांची हिंमत झाली नाही. तू गेल्यावर ते त्यांनी वहिनींवर काढलं.

तिसऱ्या दिवशी पाठकबाई पिठलं-भात घेऊन आल्या. सुतकातल्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पाठवावं, त्यांनी पाठवलं, त्याबद्दल आभार. पिठलंही बरं होतं. पण डबा ठेवून त्या गेल्या नाहीत. वहिनींशेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "होणारं होऊन गेलं हो. पण खरं सांगू का, ती रोगट भाजी वर्षानुवर्षं पोटात गेली, ती कुठून तरी निघणारच. पुरुषांना काय कळतं? आपण बायकांनीच बघायला हवं होतं."

मी समोरच बसलो होतो. 'आपण बायकांनी' म्हणजे नक्की किती बायकांनी, असं विचारणार होतो. पण वहिनींनी मान खाली घातली होती आणि त्या पाठकबाईंचं म्हणणं पटल्यासारखी ती हलवत होत्या. दादा, त्या क्षणी मला पाठकबाईंचा आला नाही इतका राग तुझा आला. ही सगळी तुझी करणी. तू जन्मभर लोकांना तोडून बोललास आणि उत्तर द्यायची वेळ आल्यावर निघून गेलास.

तेव्हापासून वहिनींनी भाजी केलेली नाही. भात, ताक, मेतकूट. मी विचारलं तर म्हणाल्या, "भूक नाही." चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, मीच घातलं ना त्यांना ते खायला? रोज, माझ्या हातानं?"

हा प्रश्न आहे. बाकीचं सगळं तुझं-माझं नेहमीचं.

तुला तुझ्या बागेची कथा सांगायची गरज नाही, पण पाठक ती वेगळीच सांगतात, म्हणून खरी काय ती एकदा सांगून टाकतो. भोसरीच्या कारखान्यात तू तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलीस. पंचावन्नाव्या वर्षी कंपनीनं तुला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कोणाची ते विचारायचं नसतं. त्या वर्षी अर्ध्या भोसरीला स्वेच्छा झाली. इतरांनी मिळालेले पैसे शेअरमध्ये घातले, रिक्षा घेतल्या, मुलांना कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. तू इमारतीच्या मागे, बिल्डरनं टाकलेल्या राडारोड्याखालची बारा फुटांची पट्टी साफ केलीस आणि तिथे वांगी लावलीस. तळमजल्याचा फ्लॅट घेतलास तेव्हा मी तुला मूर्खात काढलं होतं. डास येतील म्हणालो होतो. डास येतातच.

आणि मग तू तिथेही इन्स्पेक्शन सुरू केलंस. तुझ्यासमोर भाजीची टोपली ठेवली की तू चष्मा चढवायचास. पास, रीवर्क, रिजेक्ट. पानावर भुरीची पांढरी पूड आली असेल पण भोपळा ठणठणीत असेल, तर भोपळा पास. टोमॅटोवर करप्याचा काळपट डाग असेल, तर डागाच्या पलीकडे बोटभर जास्त कापून उरलेला आजच्या आमटीत, म्हणजे रीवर्क. वांग्याला भोक असेल तर उघडून बघायचं, अळीचा भाग काढायचा, राहिलेलं रीवर्क. मऊ पडलेलं, पाणी सुटलेलं, वास येणारं, आतून काळं किंवा बुरशी धरलेलं, ते रिजेक्ट. रिजेक्ट माल खतातसुद्धा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तोच रोग परत. तो थेट घंटागाडीत. बुरशी आलेले शेंगदाणे तर पिशवीसकट. वहिनी म्हणाल्या, "अहो, चारच दाण्यांना लागलीय, निवडून घेते." तू म्हणालास, "इथे रीवर्क नाही." हिरवा पडलेला बटाटाही तसाच. आणि डागी टोमॅटोंचा सॉस करून बाटल्या भरू का, असं वहिनींनी विचारलं तेव्हा, "आजच्या भाजीला चालेल, साठवणीला नाही."

मी कॉस्टिंगमध्ये आयुष्य काढलं. तुझ्या ह्या नियमांत मला चूक सापडावी असं फार वाटायचं. पण नियम तसे बरोबर होते. तू ते सांगायचास त्या पद्धतीत चूक होती. जिन्यात कोणी विचारलं, "काका, ह्या पानांना रोग आहे ना?" तर शांतपणे सांगावं की झाडाचे रोग झाडापुरते, माणसाला लागत नाहीत, सडकं तेवढं टाळायचं. तू काय म्हणायचास? "झाडाचा करपा माणसाला होत नाही. होत असता तर एव्हाना तुम्हाला पानं फुटली असती."

तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी, संगणकातली, नवीनच लग्न होऊन आलेली, तुझ्याशी बिचारी नीट बोलायला आली होती. "काका, तुमचं सगळं ऑरगॅनिक आहे ना? मला घ्यायचंय." तू खूश होऊन वांगं हातात दिलंस. तिनं फिरवून बघितलं. "ईऽ, होल आहे." आणि तू तिला ऐकवलंस, "अळीनं खाल्लं म्हणजे अळी तरी जगली. तुमच्या त्या एसी दुकानातल्या वांग्यात तीसुद्धा जगत नाही." ती हसली, वांगं परत टोपलीत ठेवलं आणि पुन्हा कधी आली नाही. तुझं वाक्य ऐकायला छान होतं. खरं मात्र अर्धंच. भोक असलेल्या वांग्यावरही आदल्या दिवशी फवारणी झालेली असू शकते; भोक हे काही प्रमाणपत्र नव्हे. हे मी तुला तेव्हाच सांगितलं. तू म्हणालास, "शऱ्या, तू कोणाच्या बाजूनं आहेस?" मी म्हणालो, "वांग्याच्या." तू चार दिवस बोलला नाहीस.

जिन्याखाली तू दोन टोपल्या ठेवायचास. पास माल सोसायटीला, ज्याला हवा त्यानं न्यावा. रीवर्क घरी. लोक येता-जाता बघायचे ती रीवर्कची टोपली, आणि पासच्या टोपलीलाही हात लावायचे नाहीत. पुण्यात फुकट दिलेल्या वस्तूबद्दल लोकांना जेवढा संशय असतो तेवढा विकत घेतलेल्या वस्तूबद्दल नसतो, हे तुला साठ वर्षं इथे राहून कळलं नाही. 'काळे सडकं खातात' ही ख्याती अशी झाली. चांगलं वाटून टाकून डागी आपल्या ताटात घेणाऱ्या माणसाची!

वर माझ्या घरी मात्र टोपली आली नाही. आमच्या हिला भोक बघवत नाही, म्हणून तू वांग्यांच्या फोडी करून, मिठाच्या पाण्यात घालून, डब्यातून पाठवायचास. पिशवी दाराच्या कडीला. आठ वर्षं. मी एकदाही चांगलं काही म्हटलं नाही. "फोडी एकसारख्या नाहीत," एवढं म्हटल्याचं आठवतं. त्यानंतर त्या एकसारख्या यायला लागल्या. तुला ते कळलं होतं असं मी धरून चालतो.

आता दुधी. दुधी काढल्याशिवाय चालणार नाही, कारण लोकांनीही तोच काढलाय. "मागे एकदा भाजी बाधलीच होती की त्यांना," असं तुझ्या दहाव्याला तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. बाधली होती, खरंय. मलाही बाधली होती. पण तो दुधी रोगट नव्हता. ना डाग, ना भोक, ना भुरी. हिरवागार, नखानं टोचला तर दुधासारखा चीक. तू तो सगळ्यांसमोर पास केलास. वहिनींनी भाजी करून चव बघितली आणि पहिला घास थुंकून टाकला. "अहो, कडू जहर आहे हा." तू म्हणालास, "दुधी आहे, कडू कसा असेल? गूळ घाल." त्यांनी गूळ घातला. तू दोन वाढण्या खाल्ल्यास, मी एक. संध्याकाळी दोघंही मोरीशी बसलो होतो. सलाईन तुला लागलं, मला नाही; फरक एका वाढणीचा. डॉक्टरांनी सांगितलं की कडू दुधीत विषार असतो, दिसायला कितीही चांगला असला तरी घास तोंडात कडू लागला की टाकायचा.

म्हणजे तुझ्या पद्धतीत एक भोक होतं. तुझी सगळी तपासणी डोळ्यांची. जिभेचा अभिप्राय तू घ्यायचाच नाहीस, आणि जीभ वहिनींची असली तर मुळीच नाही. तू हे कबूल केलंस का? सलाईन लावलेल्या हातानं मला म्हणालास, "दुधी पासच होता. डिझाइनमध्ये दोष होता." नर्ससुद्धा हसली. ह्या एका बाबतीत मी तुला माफ केलेलं नाही. पोटाचं सोड, ते दोन दिवसांत सुधारलं. त्या घरात ज्या एका माणसाला बरोबर कळलं होतं, त्याला तू गूळ घालायला लावलंस.

आणि आज त्याच माणसाला वाटतंय की त्यानं तुला मारलं.

भोगीचं उरलेलं सांगतो. तू साताऱ्याला लग्नाला गेला होतास. पाठकांनी झुरळांवाल्याला गटारांचं वर्षाचं काम करायला बोलावलं होतं. काम झाल्यावर त्याच्या पंपात औषध उरलं. पाठकांना वाया गेलेलं बघवत नाही. ते म्हणाले, "त्या काळ्यांच्या बागेवरही एक हात मारा, सगळा रोग आहे तिथे." त्यानं मारला. मावा गेला, अळ्या खाली पडल्या, पानं तेल लावल्यासारखी चमकायला लागली. कमिटी बघायला गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कमिटीला तुझी भाजी आवडली. गाजर, मटार, सोलाणे मार्केट यार्डातून आणायचं ठरलं. वांगी, पावटा आणि घेवडा 'आपल्याच बागेतला'. पाठकांनी भाजी दोनदा धुतली, हे मी पाहिलंय. अंगाला लावायचा साबण वापरला नाही एवढंच. गटारातलं औषध माणसाच्या ताटात जाण्याआधी किती दिवस जावे लागतात, किंवा ते ताटात जायला मुळात बनवलंच नाही, हा प्रश्न चोवीस घरांतल्या एकालाही पडला नाही. त्यात चार इंजिनिअर होते. मीही होतो, पण मला किंवा वहिनींना फवारणीचं माहीत नव्हतं. मला ताटं मोजायला बसवलं होतं.

तू मागे गेलास, वास घेतलास, झाडाखाली मेलेले किडे बघितलेस, वॉचमनला विचारलंस. त्यानं सांगितलं. उरलेलं सगळ्यांनी पाहिलं.

गंमत अशी की कोणालाच काही झालं नाही. होणार कसं, भाजी गटारात होती. पण लोकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की काही झालं नाही त्याअर्थी भाजीत काही नव्हतंच. दुपारी सगळ्यांनी भाकरी, लोणी आणि लोणचं खाल्लं आणि तुला शिव्या दिल्या. मी तुला म्हणालो होतो, "निदान वाटीभर सॅम्पल ठेवायचंस. तीस वर्षं इन्स्पेक्शन केलंस ना?" तू म्हणालास, "सॅम्पल कोणाच्या पोटात तपासायचं होतं तुला?" तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात, एवढंच माझं म्हणणं होतं. ते आजही आहे. हातात रिपोर्ट असता तर पाठकबाईंनी तुझ्या घरात बसून वहिनींचा हात धरला नसता.

सोसायटीनं तुझी शोकसभाही घेतली, बरं का. पाठक बोलले. "कै. काळेसाहेब निसर्गाचे निस्सीम प्रेमी होते. सेंद्रिय शेतीचा त्यांनी सोसायटीला परिचय करून दिला." मागच्या रांगेत कोणी तरी "पातेल्यासकट" असं म्हणालं. दोघं-तिघं हसले, आणि खरं सांगतो, त्या सभेत तुझ्याविषयी खरं असं तेवढंच बोललं गेलं. चहा झाला. बिस्किटं होती.

आता तुझ्या शेवटच्या सकाळविषयी. मी वरच्या मजल्यावर पेपर वाचत होतो. तू मागे घेवड्याचा वेल बांधत होतास. आत आलास, छाती चोळलीस, म्हणालास, "गॅस झालाय." वहिनी म्हणाल्या, "भाऊजींना हाक मारते." तू म्हणालास, "त्याला नको. तो रिक्षाचं मीटर बघत बसेल." ओवा मागितलास. वहिनींनी ओवा दिला, सोडा दिला, आणि तरीही मला हाक मारलीच. मी खाली आलो. रिक्षा मिळाली. मीटर बघितलं नाही, दादा. आपण पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मीटरवरचं ते वाक्य वहिनींनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्या किंचित हसल्या आणि मग त्यांना वाटलं की हसायला नको होतं.

वहिनींशी मी आधी हिशेबानं बोललो. मला तेवढंच येतं. म्हणालो, "वहिनी, आठ वर्षं तुम्ही तेच खाल्लंत. त्याच कढईतलं. तुम्हाला काय झालं?" त्या म्हणाल्या, "माझं पोट दगडाचं आहे." म्हणालो, "मी खाल्लं, आमच्या हिनं खाल्लं." त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे फोडी कापून जायच्या. वाईट सगळं ते आपल्या ताटात घ्यायचे. आणि मी घालायची." मी म्हणालो, "वाईट कापून टाकलेलं असायचं." त्या म्हणाल्या, "कापणारीही मीच ना. एखादं राहिलं असेल." माणसाला दोषी व्हायचंच असलं की तो माझ्यापेक्षा बारीक हिशेब करतो.

मग मी म्हणालो, "चला, डॉक्टरांना विचारू." मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी साडी बदलली, मागे गेल्या, परत आल्या आणि पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

आपले नेहमीचेच डॉक्टर. दवाखान्यात गर्दी होती. नंबर आला तसे आत गेलो. डॉक्टरांनी तुझ्याबद्दल दोन शब्द बोलून वहिनींचं ब्लडप्रेशर बघायला हात पुढे केला. वहिनी म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. मला एक विचारायचंय." आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला टोमॅटो काढून टेबलावर, स्टेथोस्कोपशेजारी ठेवला. तुझ्याच झाडाचा. खांद्यापाशी करप्याचा डाग, रुपयाएवढा.

"असं मी त्यांना आठ वर्षं घातलं. डाग कापून. ह्यानं गेले का ते? मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. खरं सांगा."

डॉक्टर आधी "छे छे, तसं काही नसतं हो" म्हणाले. वहिनी उठल्या नाहीत. बाहेर पेशंट खोकत होते. डॉक्टरांनी टोमॅटो हातात घेतला, उलटापालटा केला, खाली ठेवला.

"हे बघा, मी माणसांचा डॉक्टर. झाडाला काय झालंय ते मला सांगता येणार नाही. पण झाडाचा हा रोग माणसाच्या अंगात जात नाही. सडकं किंवा बुरशी आलेलं पोटात गेलं, तर पोट बिघडतं, आणि ते लगेच कळतं. तुमचे मिस्टर पोटानं गेले नाहीत. त्यांची हृदयाची नळी बंद झाली. ती वांगी-टोमॅटोनं बंद होत नाही."

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही. मी त्यांना दोनदा लिहून दिलं होतं, हृदयाची तपासणी करून घ्या म्हणून. मागच्या दिवाळीत एकदा आणि नंतर एकदा. केली होती का त्यांनी?"

वहिनी डॉक्टरांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मी नकारार्थी मान हलवली; मला खरोखर माहीत नव्हतं.

"मला घरी येऊन सांगितलं," वहिनी सावकाश म्हणाल्या, "डॉक्टरांनी पास केलं म्हणून."

आणि मग दादा, त्या चिडल्या. मी त्या रडतील म्हणून रुमाल काढून बसलो होतो. त्या रडल्या नाहीत. आवाज चढवून, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा, म्हणाल्या, "वांग्याला टाचणीएवढं भोक पडलं तर घरभर नाचवत फिरायचे! उघडून बघा, उघडून बघा! आणि स्वतःचं उघडून बघायची वेळ आली तेव्हा मला ओवा मागतात? मी हाक मारते म्हटलं तर नको? बघा भाऊजी, काय माणूस! मी विचारलं होतं हो ह्यांना. दिवाळीत विचारलं होतं."

"वहिनी," मी म्हणालो.

"तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्ही सगळे काळे एकजात सारखे."

डॉक्टर टेबलाकडे बघत होते. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही, आणि रुमाल शेवटी मलाच लागला. पंधरा दिवस त्या घरात तुझा फोटो होता, उदबत्ती होती, लोक तुला कै. म्हणत होते. तू त्यात कुठेच नव्हतास. तुझ्यावर कोणी ओरडल्याशिवाय तू त्या घरात असल्यासारखा वाटतच नाहीस.

तू खोटं बोललास, दादा. तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासणारा माणूस स्वतःच्या रिपोर्टाबाबत बायकोशी खोटं बोलला. भीती वाटली असेल. तसं सांगायचंस. मी आलो असतो बरोबर. मीटर बघितलं असतं, पण आलो असतो.

बाहेर काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, फी नको." मी तरी खिशात हात घातला. वहिनींनी माझा हात कोपरापाशी धरून मागे केला. "थांबा भाऊजी. प्रश्न माझा होता." टोमॅटो त्यांनी वर्तमानपत्रात नीट गुंडाळून पिशवीत ठेवला, मग पर्स उघडली. शंभर रुपये, वहिनींनी, काउंटरवरच्या मुलीला दिले.